परीक्षेच्या तोंडावर चीनची वारी

मराठीतला 'हो' किती परींनी म्हणता येतो ते पाहा. आईच्या हाकेला दिलेला 'हो' वेगळा, विश्वास न बसल्यामुळे विचारलेला 'हो?' वेगळा आणि कंटाळून लांबवलेला 'होऽऽ' आणखी वेगळा. सूर बदलला की बोलणाऱ्याचा भाव बदलतो. शब्द मात्र तोच राहतो. चिनी भाषेचे तसे नाही. चीनमधील शाळांतून शिकवल्या जाणाऱ्या प्रमाण भाषेत, म्हणजे जिला आपण मँडरिन म्हणतो तिच्यात, सूर बदलला की शब्दच बदलतो. 'मा' हा उच्चार उंच, सपाट सुरात केला तर अर्थ होतो आई. तोच खालून वर चढवत नेला तर धाग्यासाठी लावले जाणारे एक झाड, खाली उतरवून पुन्हा उचलला तर घोडा, आणि वरून झटक्याने खाली आणला तर शिव्या देणे!

ही भाषा शिकणाऱ्या शाळकरी मुलांना परीक्षेच्या आधी दोन आठवडे चीनमध्ये नेऊन आणावे काय, हा आजच्या लेखाचा विषय आहे. माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये असतो. त्याच्या मुलीने शाळेत मँडरिन घेतली आहे आणि तिच्या शाळेने ईस्टरच्या सुटीत चीनची सहल ठरवली आहे. 'परीक्षा महिन्यावर आली आहे, गुण वाढतील असे शिक्षक म्हणतात, खर्चही पुष्कळ आहे, पाठवू का?' असे त्याने मला विचारले. मी चिनीचा पंडित नव्हे, पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस आहे. परंतु हा प्रश्न निम्मा ध्वनिशास्त्राचा आणि निम्मा माणूस कसा शिकतो आणि कसा विसरतो याचा आहे. त्यामुळे त्यावर मत द्यायला हरकत नसावी. माझे मत असे की सहल उत्तम आहे, पण ती परीक्षेच्या तोंडावर काढणे चूक आहे.

प्रथम परीक्षा कशी असते ते पाहू. इंग्लंडमध्ये वयाच्या सोळाव्या वर्षी मुले जी.सी.एस.ई. ही परीक्षा देतात. आपल्या दहावीच्या परीक्षेची बहीणच म्हणा. तिच्यातील चिनी विषयाचे चार भाग आहेत: ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे. चारही भागांना प्रत्येकी २५ टक्के गुण असतात. म्हणजे निम्मी परीक्षा कानाची आणि जिभेची, तर निम्मी डोळ्यांची आणि हाताची. ही विभागणी लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

आता कानाचा विचार करू. सूर म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे. स्वरयंत्रातील स्वरतंतू दर सेकंदाला जितकी कंपने करतात ती त्या आवाजाची वारंवारता. साध्या बोलण्यात प्रौढ पुरुषाची वारंवारता साधारण १२० हर्ट्झच्या, स्त्रीची २०० हर्ट्झच्या आणि लहान मुलाची ३०० हर्ट्झच्या आसपास असते. मग आजोबांचा 'उंच' सूर नातवाच्या 'खालच्या' सुरापेक्षाही खाली असण्याचा संभव आहे. तरी चिनी नातवाला आजोबांचे बोलणे बिनचूक कळते. हे कसे? गाणे शिकणाऱ्यांना उत्तर लगेच सुचेल. पेटीवर कोणी काळी एकचा षड्ज धरतो, कोणी काळी चारचा. पण 'सा'पासून 'ग' किती वर हे प्रमाण दोघांचेही सारखेच राहते. चिनी माणसाचा कानसुद्धा नुसती वारंवारता ऐकत नाही. बोलणाऱ्याच्या आवाजाच्या एकूण पट्टीत हा सूर कोठे बसतो आणि कोणीकडे सरकतो, हे तो ऐकतो.

ही गोष्ट कागदावर नेमकी मांडणारा माणूस मुळात गणिताचा विद्यार्थी होता आणि त्याने काही काळ पदार्थविज्ञानही शिकवले होते, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. त्याचे नाव युआन रेन चाओ. १८९२ साली चीनमध्ये जन्मलेला हा गृहस्थ अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गणित शिकला, तेथेच त्याने पदार्थविज्ञानाचे अध्यापन केले, आणि नंतर भाषाशास्त्राकडे वळून त्यात मोठे नाव कमावले. १९३० साली त्याने सूर लिहिण्याची एक सोपी पद्धत प्रसिद्ध केली. बोलणाऱ्याच्या आवाजाच्या पट्टीचे पाच टप्पे करायचे. सर्वांत खालचा १ आणि सर्वांत वरचा ५. मग मँडरिनचा पहिला सूर होतो ५ ते ५, दुसरा ३ ते ५, तिसरा २ वरून १ वर उतरून ४ पर्यंत चढणारा, आणि चौथा ५ वरून थेट १ वर कोसळणारा. हर्ट्झचा आकडा यात कोठेच नाही. आलेखाच्या कागदावर हे चार सूर काढून पाहा, म्हणजे एका दृष्टिक्षेपात ध्यानात येतील.

मात्र आलेख समजणे वेगळे आणि कानाने ओळखणे वेगळे. मुलीच्या वर्गात मँडरिन बोलणारी शिक्षिका बहुधा एकच असते. वर्षभर तिचाच आवाज, तिचीच पट्टी, आणि शिकवताना शिक्षक बोलतात तसे सावकाश, शब्द सुटे करून बोललेले. शिवाय पुस्तकात दिलेला तिसरा सूर, तो उतरून पुन्हा चढणारा, ओघातल्या बोलण्यात बहुतेक वेळा पुरता चढतच नाही. नुसता खाली राहतो. तिसऱ्या सुराचे दोन शब्द लागोपाठ आले तर पहिला दुसऱ्या सुरात म्हणतात. 'नी हाओ' हा आपल्यालाही माहीत असलेला नमस्कार याचेच उदाहरण आहे. वर्गात पैकीच्या पैकी गुण मिळवणारा विद्यार्थी पेइचिंगच्या रस्त्यावर उतरल्यावर बावचळतो तो यामुळे. (हो, पेइचिंग. आपली वर्तमानपत्रे 'बीजिंग' छापतात. रोमन लिपीत तेथे 'बी' आणि 'जे' ही अक्षरे असली तरी चिनी उच्चार आपल्या 'प' आणि 'च' यांच्या जवळचा आहे. त-थ, क-ख असा भेद चिनीत आपल्यासारखाच आहे, आणि 'चमचा'तला च आणि 'चार'मधला च वेगळे ठेवणाऱ्या मराठी जिभेला चिनीतील तसलाच भेद जड जाऊ नये.)

तेव्हा कानाला अनेक आवाज हवेत. पण त्यासाठी विमानातच बसले पाहिजे असे नाही. अमेरिकेतील संशोधकांनी १९९९ साली तेथील ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. मँडरिन शिकणाऱ्या काही अमेरिकन विद्यार्थ्यांना त्यांनी दोन आठवड्यांत आठ बैठका दिल्या. प्रत्येक बैठकीत वेगवेगळ्या स्त्री-पुरुषांनी उच्चारलेले शब्द ऐकवायचे, सूर ओळखायला सांगायचे आणि उत्तर बरोबर की चूक ते तेथल्या तेथे कळवायचे. एवढ्यानेच सूर ओळखण्याच्या अचूकतेत २१ टक्क्यांची वाढ झाली. पूर्वी कधी न ऐकलेल्या माणसांचे सूरही त्यांना अधिक चांगले ओळखता येऊ लागले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सहा महिन्यांनी पुन्हा तपासले तेव्हाही ही सुधारणा टिकून होती. सहा महिने हा काळही लक्षात ठेवा.

मग चीनला जाऊन अधिक काय मिळते? पुष्कळ मिळते. अमेरिकेतल्या सिॲटल येथील पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. घरी केवळ इंग्रजी ऐकणाऱ्या नऊ महिन्यांच्या बाळांपाशी बसून मँडरिन बोलणाऱ्या व्यक्ती खेळल्या, गोष्टी वाचल्या. प्रत्येकी सुमारे २५ मिनिटांच्या १२ बैठका, म्हणजे सारे मिळून अवघे पाच तास. त्यानंतर इंग्रजीत नसलेला एक चिनी ध्वनिभेद ही बाळे ओळखू लागली. दुसऱ्या काही बाळांना त्याच व्यक्तींचे तेच बोलणे पडद्यावर दाखवले किंवा नुसते ध्वनिमुद्रण ऐकवले. ती काहीही शिकली नाहीत! पंधरा वर्षांची मुलगी म्हणजे बाळ नव्हे, हे कबूल. मोठ्या मुलांना ध्वनिमुद्रणाचा उपयोग होतो हे वरच्या प्रयोगातच दिसते. तरी समोर जिवंत माणूस असणे ही शिकण्यातली किरकोळ बाब नाही, एवढे यावरून म्हणता येते.

समोरचा माणूस दोन गोष्टी करतो. एक म्हणजे तो चूक ताबडतोब दाखवतो. सायकल शिकताना डावीकडे तोल गेला की त्याच क्षणी कळते, म्हणून आपण आठवड्याभरात सायकल शिकतो. 'गेल्या मंगळवारी तू डावीकडे कलला होतास' असे पुढच्या मंगळवारी सांगणारा गुरू असता तर आपण जन्मभर पडत राहिलो असतो. वर्गातला निबंध तपासून मिळायला आठवडा लागतो. खानावळीत चुकीचा सूर लावला की दोन मिनिटांत चुकीचा पदार्थ पुढे येतो. 'थांग' पहिल्या सुरात म्हटले तर सूप आणि दुसऱ्या सुरात म्हटले तर साखर. 'माइ' तिसऱ्या सुरात विकत घेणे आणि चौथ्या सुरात विकणे. बाजारात उभे राहून हे दोन शब्द उलटसुलट करणाऱ्यावर कोणी रागावत नाही, सगळे हसतात, आणि तो सूर पुन्हा सहसा चुकत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे गरज. समोरच्याला काहीतरी सांगायचेच आहे आणि दुसरी भाषा उपलब्ध नाही, अशी वेळ आली पाहिजे. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचे पथक चीनला गेले, त्यात आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. चिनी भाषा तेव्हा त्यांना अपरिचित होती. पण जखमी सैनिकाला कोठे दुखते हे विचारायचे तर ती शिकणे भाग होते. कोटणीस ती शिकले. इतकी, की पुढे त्याच भाषेत त्यांनी विद्यार्थ्यांना वैद्यक शिकवले. ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी त्यांचे तेथेच निधन झाले. चार वर्षे आणि दोन आठवडे यांची तुलना मी करीत नाही. गरज असली म्हणजे मुंबईत वैद्यक शिकलेला माणूसही नवी भाषा कामापुरती नव्हे तर शिकवण्यापुरती शिकू शकतो, एवढेच दाखवायचे आहे.

परंतु आजच्या सहलीत ही गरज उरते का? तीस मुले एका बसमधून जातात, एका वसतिगृहात राहतात आणि दिवसभर आपसात इंग्रजी बोलतात. चीनमधील शहरांत आता भाजीवालासुद्धा चौकटी-चौकटींचे चित्र पुढे करतो; मोबाइलने ते टिपले की पैसे चुकते होतात, तोंड उघडावे लागत नाही. आणि भाषांतर करणारा मोबाइल तर प्रत्येकाच्या खिशात! भाषेत बुडवून काढण्यासाठी नेलेली मुले रेनकोट घालून पाण्यात उतरल्यासारखी कोरडी परत येऊ शकतात. दोन-दोन मुलांना चिनी कुटुंबांत ठेवणे, मोबाइल दिवसभर शिक्षकांकडे जमा करणे, रोज प्रत्येकाला एक काम देऊन एकट्याने बाहेर विचारायला लावणे, एवढे करणार नसाल तर सहलीला सहल म्हणा आणि भिंत पाहून या. भिंत पाहण्यासारखी आहेच.

गावाची निवडही विचारपूर्वक करावी लागते. दक्षिणेकडील पुष्कळ लोक मँडरिन बोलताना 'श'चा 'स' करतात. 'दहा'चा शब्द 'श'ने आणि 'चार'चा 'स'ने सुरू होतो. तो भेद गेला की किंमत चार की दहा हे केवळ सुरावरून ओळखावे लागते. चांगली तयारी झालेल्या मुलांना हा मजेचा खेळ वाटेल, कच्च्यांचा गोंधळ होईल. तैवानमध्ये अक्षरे जुन्या, भरगच्च वळणाची आहेत, तर चीनमध्ये १९५६ पासून सोपी केलेली अक्षरे आली. एक पद्धत शिकून दुसऱ्या पद्धतीच्या देशात परीक्षेआधी जाणे शहाणपणाचे नव्हे.

आता परीक्षेच्या उरलेल्या निम्म्या भागाकडे वळू, आणि माझ्या विरोधाचे खरे कारण येथे आहे. चिनी लिपीत अक्षरे जोडून शब्द वाचण्याची सोय आपल्यासारखी नाही. प्रत्येक चिन्ह वेगळे शिकावे लागते. चीनमधील मुलांकडूनही नऊ वर्षांच्या शालेय शिक्षणात सुमारे ३,५०० चिन्हे ओळखण्याची अपेक्षा असते. ती हाताने गिरवून, विसरून, पुन्हा गिरवूनच येतात. चीनमध्ये दोन आठवडे राहिल्याने वाचनाला थोडी मदत होईल. स्थानकांची नावे, दुकानांच्या पाट्या डोळ्यांपुढून जातील. लिहिण्याला मात्र जवळजवळ होणार नाही, कारण तेथील लोकही आता बहुतेक मजकूर मोबाइलवर उच्चार टंकून, समोर आलेल्या चिन्हांतून योग्य ते निवडून लिहितात. हाताने लिहायला बसल्यावर साधी चिन्हे आठवत नाहीत, अशी तक्रार खुद्द चिनी लोक करतात. परीक्षेत तर हातानेच लिहायचे असते.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस याने १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या आणि किती काळाने किती विसरले ते मोजायचे. त्याला आढळले की विसरण्याचा वेग सुरुवातीला फार असतो, पुढे तो मंदावतो; आणि एका दमात घोकण्यापेक्षा दिवसांचे अंतर ठेवून उजळणी केली तर कमी श्रमात जास्त टिकते. चिनी चिन्हे या जातीची आहेत. काही दिवस हात थांबला की ती निसटू लागतात.

एक पालक मला म्हणतील, 'अहो, विसरण्याचा वेग एवढा आहे म्हणूनच सहल परीक्षेला चिकटून हवी!' युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. पण सहलीतून जे मिळते ते कोणत्या जातीचे आहे? कान आणि जीभ. कानाची सवय सहा महिने टिकल्याचे आपण वर पाहिले. म्हणजे लवकर मिळवले तरी चालेल असे काहीतरी मिळवण्यासाठी आपण परीक्षेच्या आधीचे दोन आठवडे देतो. आणि ते आठवडे लवकर निसटणाऱ्या चिन्हांच्या उजळणीचे होते. त्यात झोपेचा हिशेबही धरा. इंग्लंड आणि चीन यांच्या घड्याळांत उन्हाळ्यात सात तासांचा आणि हिवाळ्यात आठ तासांचा फरक आहे. शरीराचे घड्याळ साधारण एका तासाला एक दिवस या वेगाने जुळते. पहिला आठवडा पेंगण्यात जातो. परत आल्यावर आणखी काही दिवस तसेच.

तासांचा हिशेब तर फारच कडक आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषा शिकवणारी संस्था इंग्रजी भाषकाला मँडरिन कामापुरती चांगली येण्यासाठी सुमारे २,२०० तास लागतात असे धरते. स्पॅनिशला याच्या तिसऱ्या हिश्शाइतके पुरतात. सहलीत रोज चार तासांचा वर्ग आणि चार तासांचे बोलणे धरले, तर चौदा दिवसांत ११२ तास होतात. तेही एक तास वाया न घालवता.

इंग्लंडमध्ये ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आलीच नाही असे मात्र नाही. तेथील सरकारने २०१६ साली मँडरिनचा एक विशेष कार्यक्रम सुरू केला. निवडलेल्या शाळांतील मुले आठवड्याला आठ तास ही भाषा शिकतात, निम्मे वर्गात आणि निम्मे स्वतःच्या अभ्यासाने. या कार्यक्रमात चीनमधील दोन आठवड्यांचा मुक्काम ठेवला तो दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस. पहिली तुकडी २०१८ च्या उन्हाळ्यात गेली. शालान्त परीक्षा तेव्हा आणखी दोन-तीन वर्षे दूर होती. २०२० च्या महासाथीत हा प्रवास थांबला होता, पण योजना ठरवणाऱ्यांनी वेळ अचूक निवडली होती असे मला वाटते. मुलांच्या कानावर जुजबी संस्कार झालेला, चारपाचशे शब्द जिभेवर, आणि परत आल्यावर शिकलेले वापरायला पुढे वर्षे शिल्लक.

उत्साह वाढतो, भीती मोडते, हा सहलीचा सर्वांत मोठा फायदा असे शिक्षक सांगतात. मला तो पूर्ण मान्य आहे. पण उत्साह दोन वर्षे आधी वाढला तर त्या उत्साहात दोन वर्षांचा अभ्यास होईल. महिनाभर आधी वाढला तर महिन्याचा. आणि गुण वाढतील म्हणून सहल विकणाऱ्यांविषयी माझी तक्रार अशी, की ज्यांच्याजवळ पैसे नाहीत अशा घरांतील मुले यामुळे विनाकारण खचतात. कान तयार करायला त्यांना वीस वेगवेगळ्या माणसांचे ध्वनिमुद्रण आणि उत्तर लगेच तपासणारा एक सोबती पुरतो. सूर तपासण्यासाठी 'प्रात' नावाचा एक संगणक-कार्यक्रम विनामूल्य मिळतो. ॲमस्टरडॅम विद्यापीठातील दोघांनी तो तयार केला असून त्या डच शब्दाचा अर्थच 'बोलणे' असा आहे. आपण म्हटलेला 'मा' त्यात घातला की वारंवारतेचा आलेख पडद्यावर उमटतो. त्याच्याशेजारी चिनी माणसाच्या 'मा'चा आलेख ठेवावा आणि उंची न पाहता वळण जुळते का ते पाहावे. आपल्याकडील शाळांतही ध्वनीच्या धड्याबरोबर हा प्रयोग करता येईल. चिनी येत नसेल तर 'हो' घ्यावा.

माझ्या विद्यार्थ्याला मी कळवले ते असे. धाकटा मुलगा सातवीत आहे, त्यालाही मँडरिन घ्यायची आहे. त्याच्यासाठी पैसे बाजूला ठेव आणि पुढच्या वर्षाच्या उन्हाळ्यात त्याला एखाद्या चिनी कुटुंबात पाठव. मुलीने ईस्टरची सुटी घरीच काढावी. सकाळी चिन्हे हाताने लिहावीत, काल चुकलेली आज आणि आज चुकलेली परवा पुन्हा. दुपारी अर्धा तास अनोळखी आवाज ऐकून सूर ओळखावेत. आणि आठवड्यातून दोनदा गावातल्या चिनी खानावळीत जाऊन, गर्दी नसेल अशा वेळी, तेथल्या बाईंशी दहा मिनिटे बोलावे. मात्र त्या मँडरिन बोलणाऱ्या आहेत की कँटनी, हे आधी विचारून घ्यावे.